परीक्षकांचे दात आणि फुलेश्वरीची तोंडी परीक्षा

दिवाळी अंकाच्या संपादकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "मंदाताई, विद्यापीठातले अनुभव लिहून द्या." मी म्हटलं, "अवो, मी काही प्रोफेसर नव्हती. मी चादरी बदलत होती." त्या म्हणाल्या, "तेच लिहा. प्रोफेसरांचे लेख दरवर्षी येतात, कोणी वाचत नाही."

तर मी आमच्या रायपूरच्या विद्यापीठात गेस्ट हाउसची केअरटेकर होते. सगळी नोकरी त्या एका इमारतीत गेली. खाली चार खोल्या, वर चार, मध्ये जेवणाचा हॉल, मागे किचन आणि पुढे गुलाबाचे वाफे. मी तात्यापाऱ्यातली, म्हणजे रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतली. आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं माझे वडील सांगत. लग्न झालं ते रेल्वेतल्या माणसाशी, तेही मूळचे वर्ध्याकडचे. त्यामुळे घरात मराठी आहे, पण ती कशी, तर मी विचारते, "काहून उशीर झाला गं?" आणि मुलगी सांगते, "मम्मी, ट्रैफिक था ना." दोघींना दोघींचं समजतं, त्यामुळे भांडणात काही अडचण येत नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, गेस्ट हाउस चालवणं म्हणजे किल्ल्या देणं आणि किल्ल्या घेणं. तसं नाही. कोणाला उशी उंच लागते, कोणाला उशीच चालत नाही. कोणी आल्या आल्या गाद्या उचलून खाली ढेकूण पाहतो. एक गणिताचे प्राध्यापक होते, ते स्वतःचा कुकर घेऊन यायचे आणि खोलीत खिचडी लावायचे. शिट्टी झाली की शेजारच्या खोलीतले पाहुणे दचकून बाहेर. मी त्यांना काही बोलले नाही, फक्त त्यांना कोपऱ्यातली खोली द्यायला लागले. या धंद्यात माणसाला सुधारायचं नसतं, त्याला योग्य खोली द्यायची असते.

मग राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि भोपाळहून साहेब लोकांची रीघ लागली. त्यांना राहायला घरंच नव्हती. सरकारी विश्रामगृहं भरली, हॉटेलं भरली, मग कोणाच्या तरी फोनवरून आमच्याकडेही एक साहेब आले, 'दोन-चार दिवसांसाठी'. मागून त्यांच्या मॅडम आल्या. मग लोणच्याच्या बरण्या आल्या. उन्हाळा लागला तशा मॅडमनी लॉनवर जुन्या साड्या अंथरून पापड आणि बऱ्या, म्हणजे डाळीचे सांडगे, वाळत घातले. नेमके त्याच दिवशी दिल्लीचे कोणी मोठे शास्त्रज्ञ आले. पापडांमधून पाय वाचवत ते दारापर्यंत पोचले आणि मला गंभीरपणे म्हणाले, "बहनजी, यह किस विभाग का प्रयोग है?" मी म्हटलं, "सर, शासन विभाग का."

पण मला सांगायचं आहे ते फुलेश्वरीचं.

फुलेश्वरी साहू आमच्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी. धमतरीकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याची पोट्टी, घरात पहिली शिकलेली. हॉस्टेलमध्ये राहून एम.ए. केलं, मग लग्न झालं, लेकरू झालं, एका कॉलेजात अतिथी शिक्षिका म्हणून लागली. आपल्याकडे अतिथीला देव मानतात, पण कॉलेजात अतिथी शिक्षक म्हणजे ज्याला कधीही जा म्हणता येतं असा माणूस. हे सगळं करता करता तिनं पीएच.डी.ला नाव घातलं. विषय घेतला सुआ गीतांचा.

आपल्या अंकाच्या इकडच्या वाचकांना सुआ सांगायला नको, पण अंक नागपूर-पुण्यालाही जातो म्हणून सांगते. दिवाळीच्या सुमारास इकडच्या खेड्यांत बायका टोपलीत मातीचा पोपट ठेवतात, घरोघरी जातात, त्या टोपलीभोवती फेर धरतात आणि टाळ्यांच्या ठेक्यावर त्या पोपटाला आपलं सुखदुःख गाऊन सांगतात. सुआ म्हणजे पोपट. फुलेश्वरी टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरली आणि म्हाताऱ्या बायकांकडून ही गाणी गोळा केली. सुट्टी लागली की ही गावाला. सासू बोलायची, नवरा मात्र चांगला होता. तो स्कूटरवर सोडून यायचा आणि लेकरू सांभाळायचा.

पीएच.डी. कशी होते तेही सांगते. पोट्टे चार-सहा वर्षं घासून जाडजूड प्रबंध लिहितात. तो बाहेरगावच्या प्राध्यापकांकडे तपासायला जातो. त्यांनी ठीक म्हटलं की त्यांच्यातले एक जण इथं येऊन सगळ्यांसमोर प्रश्न विचारतात. याला तोंडी परीक्षा म्हणतात, बोलताना सगळे वायवा म्हणतात. ते समाधानी झाले की तुम्ही डॉक्टर. आता हे परीक्षक उतरणार कुठे? माझ्याकडे. वायवा अकरा वाजता विभागात असते, पण खरी सुरुवात माझ्याकडच्या सकाळच्या चहापासून होते. आंघोळीला पाणी गार मिळालं तर परीक्षक दुपारी काय प्रश्न विचारतील याचा भरवसा नाही. म्हणून वायवाच्या आदल्या दिवशी विद्यार्थी देवळात जाण्याआधी माझ्याकडे येऊन जात. "मंदा दीदी, गीजर ठीक है ना?"

फुलेश्वरीची वायवा दोनदा पुढे गेली होती. एकदा परीक्षकांचं ऑपरेशन निघालं, एकदा आमच्याकडे कसलासा संप झाला. तिसऱ्यांदा तारीख ठरली तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला होता, कारण कित्येक वर्षांनी कॉलेजांतल्या पक्क्या जागा निघाल्या होत्या. अर्ज करायचा तर पीएच.डी. हातात हवी. शेवटची तारीख आठवड्यावर आली होती, आणि पुढच्या वेळी जागा निघेपर्यंत तिचं वय उलटून गेलं असतं. परीक्षक इथून सरळ मुलाकडे परदेशात जाणार होते, सहा महिने येणार नव्हते. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

परीक्षक आले सागरहून. डॉ. खांडवेकर. नाव वाचून मला आनंद झाला. सागरचे मराठी म्हणजे आमच्यासारखेच, पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेले. उंच, गोरे, सत्तरीचे, पांढराशुभ्र झब्बा, काठी नाही, आणि बोलणं असं की ऐकत राहावं. शब्द न् शब्द सुटा, घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखा. लोकसाहित्यातलं मोठं नाव, असं फुलेश्वरीचे गाइड तिवारीसर सांगत होते. खांडवेकर सर मला म्हणाले, "वहिनी, रायपुरात इतकं मराठी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं." मी त्यांना खालची, व्हरांड्याची खोली दिली. आमच्याकडची सगळ्यात चांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किचनमध्ये बिसाहूला नाश्त्याचं सांगत होते. बिसाहू आमचा स्वयंपाकी. तेवढ्यात व्हरांड्यातून आरडाओरडा ऐकू आला. धावत गेले. खांडवेकर सर खुर्चीतून उठून उभे, तोंडावर रुमाल धरलेला, आणि दुसऱ्या हातानं बगिच्याकडे दाखवत होते.

"काय झालं सर?"

"हात! माये हात गेये!"

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही जागच्या जागी होते.

"हात कुठं गेले सर? आहेत ना."

"हात नाही ओ! हात! हात!"

शेवटी त्यांनी वैतागून रुमाल काढला आणि तोंड उघडून दाखवलं. आत काहीच नव्हतं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ते सुंदर, सुटे सुटे शब्द कवळीचे होते.

झालं होतं असं की सर चहात बिस्किट बुडवून खात होते. चुरा कवळीखाली गेला. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्यांनी कवळी काढली, बशीत ठेवली, बशी खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवली आणि चूळ भरायला वळले. तेवढ्यात एचओडी आला.

एचओडी हा आमच्या कॅम्पसवरचा पिवळा कुत्रा. दिवसभर विभागाच्या दारात झोपायचा, कोणी आलं की एक डोळा उघडून पाहायचा आणि परत झोपायचा, म्हणून पोट्ट्यांनी त्याला विभागप्रमुखाचं नाव दिलं होतं. खऱ्या विभागप्रमुखांनाही ते माहीत होतं, पण तक्रार तरी काय करणार? तर बिस्किटाचा वास लागलेली कवळी तोंडात धरून एचओडी लंपास झाला होता.

मग काय विचारता. पुढे बिसाहू झारा घेऊन, मागे माळी खराटा घेऊन, त्यामागे मी साडी खोचून. कुत्र्याला वाटलं खेळ चालला आहे. लायब्ररीला एक फेरी झाली, सायन्स ब्लॉकला एक फेरी झाली. वाटेत पोट्टे विचारत होते, "क्या हुआ दीदी?" मी ओरडले, "एचओडी दाँत लेकर भाग गया!" ते नुसते पाहतच राहिले. शेवटी गुलाबाच्या वाफ्यात खालची कवळी सापडली, दोन तुकडे झालेली. वरची काही मिळाली नाही. बिसाहूनं ते तुकडे धुऊन वाटीत ठेवले आणि देवाचा प्रसाद आणावा तशी ती वाटी दोन्ही हातांनी धरून आणली.

मी शंकर नगरमधल्या एका दातांच्या डॉक्टरना फोन लावला. ते म्हणाले, नवी करायला चार दिवस तरी लागतील. सरांची गाडी त्याच संध्याकाळची.

सरांनी वाटीत पाहिलं, खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

तिवारीसर धावत आले. दाराशी उभं राहून म्हणाले, "सर, कोई बात नहीं. आप लिखकर पूछ लीजिए." आतून काहीतरी उत्तर आलं. तिवारीसरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "मराठी में बोल रहे हैं क्या?" त्यांनी विचारलं. मी कान लावला. मराठी नव्हती. हिंदीही वाटत नव्हती. एवढंच कळत होतं की सर 'नाही' म्हणून राहिले आहेत. तिवारीसर पुन्हा पुन्हा विनवत होते आणि आतला आवाज चढत होता. हसण्यासारखंच होतं, पण हसू येत नव्हतं. तो राग नव्हता. एवढ्या वर्षांत माणसांचे आवाज दाराबाहेरून ऐकून मला एवढं कळायला लागलं होतं. माणूस लाजला होता.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि फुलेश्वरी उतरली. कोसाची रेशमी साडी नेसलेली, केसांत गजरा, हातात स्टीलचा मोठा डबा. तिच्याबरोबर एक अगदी लहानखुरी म्हातारी होती, समारिन दाई; इकडे म्हाताऱ्या बाईला दाई म्हणतात. हिच्याकडून फुलेश्वरीला सगळ्यात जास्त गाणी मिळाली होती. माझ्या गाण्यांवर पोरगी काय होणार आहे ते बघायला येते, असं म्हणून ती गावाहून निघाली होती. फुलेश्वरीचा चेहरा लग्नघरासारखा फुललेला होता. तिवारीसरांनी सगळं सांगितलं तसा तो उतरत गेला. मी म्हटलं, "बस बेटा, पाणी पी." ती बसली नाही. डबा दाईच्या हातात दिला आणि सरळ सरांच्या दाराशी गेली.

"सर, मैं फुलेश्वरी."

आतून काहीतरी आवाज आला.

"नहीं सर, घर नहीं जाऊँगी," ती म्हणाली.

मी आणि तिवारीसर चमकलो. आतून पुन्हा काहीतरी आलं, या वेळी जरा लांब.

"जी सर, तबीयत का कारण लिख देंगे, वो ठीक है. लेकिन सर, छह महीने बाद मेरी उमर निकल जाएगी." मग तिनं थांबून ऐकलं. "जी. ... जी. ... नहीं सर, नौकरी की हद पैंतीस की नहीं, चालीस की है."

तिवारीसर तिच्या कानाशी कुजबुजले, "तुम्हें समझ में आ रहा है?" ती म्हणाली, "हव सर. काहे नहीं आएगा?" घाबरली की ती गावचं बोलायची.

आतला आवाज खाली आला. आता तो अगदी हळू बोलत होता. फुलेश्वरी दाराला कपाळ टेकवून ऐकत होती. मग ती आमच्याकडे वळून म्हणाली, "सर कह रहे हैं, इस मुँह से मैं सबके सामने कैसे बैठूँ?" आणि पुन्हा दाराकडे तोंड करून जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही.

"सर, मैं तो बरसों से ऐसे ही मुँह के सामने बैठ रही हूँ. मुझे जो कुछ मिला है, ऐसे ही मुँह से मिला है."

व्हरांड्यात समारिन दाई डबा मांडीवर घेऊन बसली होती, तिला यातलं काही कळत नव्हतं. ती जांभई देत होती, आणि तिच्याही तोंडात एकही दात नव्हता. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. फुलेश्वरीनं ज्या म्हाताऱ्यांची गाणी टिपली, त्या सगळ्या अशाच. एकेक टेप पन्नासदा ऐकून तिनं शब्द वेचले होते. बोळक्या तोंडाची भाषा आख्ख्या विद्यापीठात एकीलाच येत होती, आणि परीक्षा नेमकी तिचीच होती.

कडी निघाली.

सर विभागात यायला तयार नव्हते, कॅम्पसमधून चालत जायला तर नाहीच. म्हणून वायवा आमच्या जेवणाच्या हॉलमध्ये ठरली. टेबलं जोडली, वर धुतलेली चादर घातली, गुलाब ठेवले. एवढी वर्षं वायवाचा चहा केला होता, वायवा कधी पाहिली नव्हती. मी किचनच्या दारात स्टूल टाकून बसले, बिसाहू माझ्यामागे उभा.

विभागातली मंडळी आली. त्यांच्यात एक पांडेजी होते. नियमाचे पक्के. आमच्याकडे जेवतानासुद्धा ते आधी भाजी दोन की तीन ते विचारून बसायचे. सर तोंडावर रुमाल धरून बसले आणि पहिला प्रश्न विचारला. हॉलमध्ये कोणालाच काही कळलं नाही. फुलेश्वरी उभी राहून म्हणाली, "सर पूछ रहे हैं कि औरतें अपनी बात सुआ को ही क्यों सुनाती हैं, और यह मैंने किताब में पढ़ा या किसी से पूछा." आणि मग तिनं उत्तर दिलं. तिनं म्हाताऱ्यांनाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, पोपट तर निमित्त आहे, ज्याच्या दाराशी उभं राहून गातो त्यालाच ऐकवायचं असतं.

सरांनी मान हलवली. दुसरा प्रश्न. पुन्हा फुलेश्वरीनं आधी प्रश्न सांगितला, मग उत्तर. तिसरा. ती छान बोलत होती, न अडखळता. तेवढ्यात पांडेजींनी घसा साफ केला.

"क्षमा करें," ते म्हणाले. "यह तो खुद ही पूछ रही है और खुद ही जवाब दे रही है. हमें क्या पता सर ने क्या पूछा?"

पांडेजींचं काही चूक नव्हतं, हीच तर पंचाईत. तिवारीसरांचा चेहरा पडला. फुलेश्वरी टेबलाकडे पाहत उभी राहिली. खांडवेकर सरांनी पांडेजींकडे पाहिलं, मग तोंडावरचा रुमाल काढून टेबलावर ठेवला. पुढे वाकून त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. चांगला लांब होता.

फुलेश्वरीनं समोरचा प्रबंध उघडून भराभर पानं चाळली. बिसाहू मागून पुटपुटला, "का होगे दीदी?"

मग ती म्हणाली, "सर पूछ रहे हैं कि जो औरतें अब नाचने नहीं जातीं, जिनके घुटने नहीं चलते, या जिनके घर में कोई गुज़र गया, वे सुआ के दिनों में घर में बैठकर क्या गाती हैं? सर कह रहे हैं कि पूरी थीसिस में उनका एक भी गीत नहीं है." मग सरळ सरांकडे वळून म्हणाली, "सर, इसका जवाब मेरे पास नहीं है. मैंने पूछा ही नहीं."

आणि तिनं प्रबंध मिटून बाजूला ठेवला.

मी पांडेजींकडे पाहिलं. ते हळूच खुर्चीत मागे टेकले. स्वतःच प्रश्न बनवणारी पोट्टी स्वतःला असा प्रश्न कशाला विचारेल, हे त्यांनाही कळलं. "आगे बढ़िए," ते म्हणाले. आवाज मऊ होता. नंतर जेवताना त्यांनी फुलेश्वरीच्या ताटात आपल्या हातानं गोड वाढलं, तेही इथं सांगितलं पाहिजे.

आणखी थोडं विचारून सर उठले. टेबलाला वळसा घालून फुलेश्वरीपर्यंत गेले आणि काहीतरी बोलले. या वेळी तिनं आम्हाला काही सांगितलं नाही, पदर तोंडावर घेतला आणि रडायला लागली. तिवारीसर घाबरून म्हणाले, "अरे, क्या कहा सर ने?"

"सर ने कहा," ती हुंदका आवरत म्हणाली, "डॉक्टर साहब, बधाई."

वायवानंतर जेवण असतंच. बिसाहूनं पुऱ्या केल्या होत्या, छोले केले होते. मला एकदम आठवलं, सर काय खाणार? भाताची पेज टाकायला सांगत होते, तोच समारिन दाई डबा घेऊन आत आली. तिनं पहाटे उठून फरा केला होता. फरा म्हणजे तांदळाच्या पिठाचे वळून उकडलेले, लोण्यासारखे मऊ मुटके. ती सरांच्या शेजारी, खुर्चीवर नाही, खालीच बसायला लागली. सरांनी तिला हात धरून खुर्चीवर बसवलं. तिनं त्यांच्या ताटात फरा घातला. सर रुमाल शोधायला लागले, तशी ती म्हणाली, "काबर लजावत हस बाबू? मोर घलो दाँत नइ हे." लाजतोस कशाला, मलाही दात नाहीत, असं म्हणत तिनं आपलं बोळकं उघडून हसून दाखवलं.

सर हसले. आधी आवरत, मग मोकळे, मान मागे टाकून. सगळा हॉल हसायला लागला. मी त्यांना पाणी द्यायला गेले तेव्हा ते माझ्याशी हळूहळू, एकेक शब्द जपून बोलले, म्हणून मला कळलं. "वहिनी, बायको गेल्यापासून हे तोंड कोणी पाहिलं नव्हतं."

मी म्हटलं, "सर, अजून एक फरा घ्या." दुसरं काय म्हणणार?

खाणं झाल्यावर सरांनी आपला तोच प्रश्न समारिन दाईला विचारला. फुलेश्वरीला मध्ये पडावं लागलं नाही, दाईला त्यांचं बोलणं सरळ समजत होतं. तिचे स्वतःचे गुडघे कधीचे गेले होते. फेरात ती कित्येक दिवाळ्या गेली नव्हती.

"गाथन बाबू," ती म्हणाली. "फेर सुनइया कोनो नइ आवय."

गातो, पण ऐकणारं कोणी येत नाही. असं म्हणून तिनं कोणी सांगायच्या आत डोळे मिटले आणि टेबलावर दोन बोटांनी ठेका धरला. टाळ्यांचं नव्हतं ते गाणं, फेराचंही नव्हतं. अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखं. फुलेश्वरीकडे त्या दिवशी टेपरेकॉर्डर नव्हता. ती नव्या कोसाच्या साडीनिशी तशीच दाईच्या पायाशी जमिनीवर बसली आणि ऐकत राहिली. पांडेजींनीही हातातला चमचा खाली ठेवला.

संध्याकाळी सर गेले. गाडीत बसताना रुमाल खिशातच होता. दातांची वाटी मी कागदात गुंडाळून बॅगेत घातली, तर म्हणाले, राहू द्या, नवीन करतो. मग ते तुकडे बिसाहूनं गुलाबाच्या वाफ्यात पुरले आणि एचओडी दोन दिवस तिथं उकरत बसला.

फुलेश्वरीचा अर्ज वेळेत गेला. मुलाखत झाली आणि ती पक्क्या नोकरीत लागली. पहिलं पोस्टिंग लांब मिळालं, सासू पुन्हा बोलली, नवऱ्यानं पुन्हा स्कूटर काढली. पुढे तिनं न नाचणाऱ्या बायकांच्या गाण्यांचं वेगळं पुस्तक केलं. समारिन दाई तोवर गेली होती. खांडवेकर सरांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि ती फोनवर सांगितली म्हणे, कारण ऐकून लिहून घेणारी खात्रीची होती.

मी निवृत्त झाले. गेस्ट हाउसची आता नवी इमारत आहे, एसी आहेत, जेवण ठेकेदाराचं येतं. मागच्या वर्षी सहज चक्कर मारली, तर काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "मैडम, बुकिंग है?" म्हटलं, नाही बाबा. थोडं वाईट वाटलं, पण गीजर चालू आहेत ना, एवढं विचारून आले.

दिवाळीच्या सुट्टीत फुलेश्वरी अजून गावांना जाते. गेल्या दिवाळीला म्हणाली, "दीदी, चलो ना, घर में बैठकर क्या करोगी?" मी आणि माझी मुलगी, दोघी गेलो. एका अंगणात पाच-सहा म्हाताऱ्या बसल्या होत्या. फुलेश्वरीनं त्यांना गायला लावलं, त्या गायल्या. मग त्यांच्यातली एक माझ्याकडे वळून म्हणाली, "अउ तैं? तैं का गाथस?" आणि तू? तू काय गातेस?

आयुष्यभर मी लोकांना काय लागतं तेवढंच विचारत आले होते. मला कोणी हे विचारलं नव्हतं. मग आठवलं. तात्यापाऱ्यात आम्ही पोरी भुलाबाईची गाणी म्हणत होतो. शेजारपाजारच्या घरी जाऊन, खिरापत काय आहे ते ओळखत. आईचा आवाज सगळ्यांत वर असायचा. मी डोळे मिटले आणि म्हणायला लागले. सुरुवात आठवली, मधली दोन कडवी गेली ती गेलीच, शेवट कसाबसा धरला. डोळे उघडले तर माझी मुलगी, जी घरात मराठीत हो-नाहीसुद्धा म्हणत नाही, फोन पुढे धरून रेकॉर्ड करत होती आणि तिचे डोळे भरले होते.

"मम्मी, तू हे कधी म्हटलंच नाही," ती म्हणाली. मराठीत.

त्या बायकांना माझ्या गाण्यातला एकही शब्द कळला नसणार. पण ती विचारणारी म्हातारी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "एक घाँव अउ."

पुन्हा एकदा, म्हणजे. मी पुन्हा म्हटलं.